नळीच्या बुडाचा प्रश्न

तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीचा सगळा जीव तिच्या मागच्या टोकात असतो. पाहणारा मात्र नळीची लांबी पाहतो, तिच्यावरची सोन्याचांदीची कोफ्तगरी पाहतो, दस्त्यावरचे हस्तिदंत पाहतो. नळी ही मुळात दोन्हीकडून उघडी पोकळी. पुढचे टोक उघडे ठेवायचे आणि मागचे असे बंद करायचे की स्फोटाचा सारा जोर पुढेच जावा, एवढेच काम. ते जिथे कच्चे राहते तिथे बंदूक नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर उलटते, कारण नळीचे बूड त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असते. हे बूड कोणी, कसे आणि कितपत भरवशाचे बंद केले, याचा आढावा जयपूरहून घ्यावा असे मला वाटते. या प्रश्नाची जुनी उत्तरे तिथे एकाच शहराच्या परिसरात पाहायला मिळतात.

जयपूरच्या जयगडावर ‘जयवाण’ ही तोफ आहे. सवाई जयसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत १७२० मध्ये गडावरच्याच कारखान्यात ही तोफ ओतली गेली. वजन सुमारे ५० टन, नळीची लांबी २० फुटांहून थोडी जास्त, तोंडाचा व्यास ११ इंच. गडावर तोफा ओतण्याची भट्टी आणि बैलांच्या बळावर फिरणारे नळी कोरण्याचे यंत्र आजही दाखवतात. तोफेने एकदाच गोळा टाकला, तो चाकसूपर्यंत गेला आणि तिथे तळे झाले, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती दंतकथा आहे, आणि जयवाणचा मोठेपणा तिच्यावर अवलंबून नाही. कारागिरी पाहायची असेल तर तोफेच्या मागे जाऊन उभे राहावे. तिथे सांधा नाही. नळी आणि बूड एकाच ओतकामात तयार झाले आहेत. पोकळी पुढून आत कोरत न्यायची आणि मागे भरीव धातू राखायचा. बूच बसवण्याची गरजच ठेवायची नाही, हे या प्रश्नाचे सर्वांत निर्धास्त उत्तर.

मराठी वाचकाला याच जातीची आणखी एक तोफ जवळची आहे. विजापूरच्या शेरझा बुरुजावरची ‘मलिक-ए-मैदान’ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरात, निजामशाहीसाठी, मुहम्मद बिन हुसेन रूमी या उस्तादाने ओतली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून विजापूरला गेली. तिच्या आत दारूची कोठी गोळ्याच्या पोकळीपेक्षा अरुंद आहे, म्हणजे स्फोट जिथे होतो तिथे भोवती जास्त धातू राहतो. बुडावर किती ताण येतो हे त्या उस्तादाला नेमके कळले होते.

ओतकामातही बुडाचा घोर सुटत नसे. बाबरनाम्यात १५२६ सालचा एक प्रसंग आहे. उस्ताद अली कुलीने आग्र्यात मोठी तोफ ओतायला घेतली, भोवतीच्या भट्ट्यांतून धातू सोडला आणि साचा भरण्याआधीच धातू संपला. लाजेने तो वितळत्या धातूत उडी घ्यायला निघाला होता, असे बाबर लिहितो. साचा निवल्यावर उघडला तेव्हा गोळ्याचा भाग निर्दोष निघाला. दारूची कोठी वेगळी ओतून जोडणे अवघड नाही, असे उस्तादाने कळवले आणि पुढे तोफ चाललीही. म्हणजे पुढची नळी एक तुकडा, मागचे बूड दुसरा, आणि दोहोंचा सांधा हाच सगळा भरवसा.

हातातल्या बंदुकीला मात्र ओतकाम चालत नाही. ती हलकी हवी, नळी पातळ आणि लांब हवी, म्हणून ती लोखंडाची घडवावी लागते. घडवलेली नळी दोन्हीकडून उघडीच तयार होते, आणि बुडाचा प्रश्न पूर्ण जोराने इथे उभा राहतो.

अकबराच्या कारखान्यातले नळीकाम अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बारकाईने नोंदवले आहे. लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळायची, पिळाच्या कडा एकीवर एक चढवायच्या आणि तापवून हळूहळू सांधायच्या. पूर्वी नळीत चौथाईहून अधिक दारू भरता येत नसे. आता तोंडापर्यंत भरून उडवली तरी फुटत नाही, असेही तो अभिमानाने सांगतो. दोन गज लांबीच्या बंदुका बनत. एकाच वेळी सोळा नळ्या आतून साफ करणारे, बैलाने फिरणारे चाकही त्याने वर्णिले आहे. यातल्या ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने अकबराने १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या जयमलवर गोळी झाडली, तेव्हा आमेरचा राजकुमार भगवंतदास शेजारी होता. आमेरच्या, म्हणजे पुढच्या जयपूरच्या, घराण्याचे बंदुकीशी नाते इतके जुने आहे.

नळीच्या तिरक्या सांध्याने काय साधले, हे लोहार चांगले जाणत. सरळ उभ्या सांध्यावर स्फोटाचा ताण थेट पडतो. पिळाच्या सांध्यावर तो वाटला जातो. नळीच्या अंगाचा प्रश्न आपल्या कारागिरांनी असा उत्तम सोडवला. म्हणूनच हिंदुस्थानी तोडेदार, म्हणजे जळत्या तोड्याने उडणाऱ्या, बंदुकीची नळी जगभरच्या जाणकारांनी वाखाणली.

बुडाची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या बऱ्याच तोडेदार बंदुकांत बूच आट्यांनी बसवलेले नसे. नळीचे मागचे टोक लाल तापवून त्यात लोखंडी खुंटा ठोकायचा, भोवतीचे लोखंड त्याच्यावर हातोड्याने आवळायचे, कधी पितळेचे झाळकाम करायचे. चांगल्या हाताने केलेला असा सांधा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्याच्या मर्यादा दोन. ठोकून बसवलेले बूच निघत नाही, त्यामुळे नळी मागून उघडून धुता येत नाही. आणि सांधा आतून कसा बसला आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही. घडवणाऱ्याच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो.

पहिली मर्यादा वाटते तितकी लहान नाही. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. ती जळली की निम्म्याहून अधिक वजन घन राखेच्या रूपात मागे राहते. ही राख हवेतला ओलावा खेचते आणि लोखंड खाते. बूच आणि नळी यांच्यात केसाएवढी फट असली तरी राख तिथे साठते, पुसायच्या चिंधीला ती सापडत नाही, आणि गंज आतल्या आत सांधा पोखरतो. बाहेरून कोफ्तगरी तशीच झळकत असते.

आट्यांचे बूच या दोन्ही अडचणींवरचे उत्तर. आट्यांचा प्रत्येक फेरा नळीच्या लोखंडात रुतलेला असतो, म्हणून मागे रेटणारा जोर एका कडेवर न पडता सगळ्या फेऱ्यांवर पसरतो. बूच फिरवून काढता येते, नळी धुता येते, आत काय झाले आहे ते डोळ्यांनी पाहता येते. अट एकच, आणि ती कडक आहे. बुचावरचे आटे आणि नळीच्या आतले आटे एकमेकांना तंतोतंत जुळले पाहिजेत, नळीच्या मध्यरेषेशी सरळ असले पाहिजेत, आणि बुचाचा पुढचा पृष्ठभाग नळीच्या आतल्या खांद्यावर पूर्ण टेकला पाहिजे. सैल आटे म्हणजे आट्यांचा नुसता देखावा.

ही अट पाळणे किती अवघड होते याची साक्ष जपान देतो. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांकडून बंदुका मिळाल्या. बेटाचा सरदार तोकिताका याने याइता किनबेई या लोहाराला तशीच बंदूक बनवायला सांगितले. तलवारी घडवणाऱ्या त्या देशात नळी घडवणे कठीण गेले नाही. अडले ते बुडाशी. मागचे टोक आट्यांनी कसे बंद केले आहे हे किनबेईला उमगेना. पुढच्या वर्षी आलेल्या जहाजावरच्या एका परदेशी लोहाराकडून ते तंत्र कळले, तेव्हा काम पुरे झाले. त्या विद्येच्या बदल्यात किनबेईने आपली मुलगी वाकासा पोर्तुगीजाला दिली, अशी लोककथा बेटावर अजून सांगतात. कथा खरी असो वा नसो, बंदुकीतले सर्वांत दुर्मिळ ज्ञान कोणते हे तिने अचूक हेरले आहे. नंतर जपानी लोहारांनी स्वतःची युक्ती काढली. आटे असलेला खुंटा आधी बनवायचा, तो तापलेल्या नळीत घालायचा आणि बाहेरून ठोकून नळीचे लोखंड त्या आट्यांत बसवायचे. आतले आटे कापण्याचे हत्यार नसताना ते उमटवून घेण्याची ही रीत अतिशय हुशारीची आहे.

तुर्कांनी तर हे आटे प्रचंड मापात करून दाखवले होते. १४६४ मध्ये मुनीर अली याने ओतलेली, ‘दार्दानेल्सची तोफ’ म्हणून ओळखली जाणारी कांस्याची तोफ दोन भागांची आहे. दारूची कोठी आणि पुढची नळी आट्यांनी एकमेकींत बसतात. वजन १६ टनांहून अधिक. १८६६ मध्ये सुलतान अब्दुलअझीझ याने ती व्हिक्टोरिया राणीला भेट दिली आणि आज ती इंग्लंडमध्ये फोर्ट नेल्सन येथे आहे. म्हणजे हे तंत्र फक्त पश्चिम युरोपाचे होते असे मुळीच नाही.

मग आपल्याकडे काय झाले? मध्ययुगीन तंत्रज्ञानाकडे इरफान हबीब आणि अहसान जान कैसर यांच्या पिढीतल्या इतिहासकारांनी लक्ष वेधले, आणि त्यातून आलेला एक तपशील मला फार बोलका वाटतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात धातू जोडायचा स्क्रू वापरात दिसू लागतो, पण त्याचे आटे कापलेले नसत. खिळ्याभोवती तार गुंडाळून ती झाळत आणि त्यालाच आटे समजत. आटे कापणारा लेथ नसल्यामुळे असे करावे लागे, आणि असा स्क्रू नीट बसत नसे. दागिन्याच्या फासाला हे चालून जाते. ज्या सांध्यामागे दारूचा स्फोट आहे तिथे झाळलेली तार चालणार नाही, हे आपल्या लोहाराला पक्के ठाऊक होते. त्याने तापवून ठोकण्याची रीत धरून ठेवली यामागे मला आडमुठेपणा दिसत नाही. हाताशी असलेल्या हत्यारांचा विचार करता तोच शहाणा निर्णय होता.

इथे जयसिंह पुन्हा आठवतो. ज्या राजाने जयवाण ओतवली त्यानेच जंतरमंतर उभारले. धातूची लहान यंत्रे त्याला पुरेशी भरवशाची वाटली नाहीत. त्यांचे आस झिजतात, मध्य सरकतो, अशी तक्रार त्याने आपल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. म्हणून त्याने दगडचुन्यात अवाढव्य यंत्रे बांधली. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. तोफ आणि यंत्र या दोन्ही ठिकाणी मला एकच विचार दिसतो. सूक्ष्म धातुकामाचा सांधा भरवशाचा नसेल तर सांधाच ठेवू नये, आकार मोठा करावा. हे माझे अनुमान आहे, पण जयगड आणि जंतरमंतर एकाच दिवशी पाहणाऱ्याला ते पटेल असे वाटते.

आट्यांची ही कोंडी फुटली ती अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि तिच्यात मराठ्यांचा मोठा वाटा आहे. १७८७ मध्ये लालसोटजवळ तुंग्याच्या लढाईत जयपूरच्या प्रतापसिंहापुढे महादजी शिंद्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर त्यांच्या चाकरीतल्या द बॉइन्या या युरोपीय सेनानीच्या हाताखालच्या कवायती पलटणी वाढल्या आणि १७९० मध्ये पाटणच्या लढाईत त्यांनी मोगल सरदार इस्माइल बेग आणि राजपुतांच्या फौजेचा पाडाव केला. या पलटणींसाठी आग्र्याला शस्त्रांचा कारखाना उभा राहिला. सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस तो पाहत असे. तिथे बंदुका सुमारे दहा रुपये नगाने तयार होत. हजारो बंदुका एका मापाच्या करायच्या म्हणजे एका मापाचे आटे पाडायला शिकणे आले.

ते शिकणे कुठवर गेले होते याचा दाखला शत्रूच्या कागदांत मिळतो. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीच्या लढाईत इंग्रजांनी शिंद्यांच्या तोफा घेतल्या. तपासणी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले की पितळी तोफा हिंदुस्थानात ओतलेल्या आहेत, काहींवर मथुरेचे तर काहींवर उज्जैनचे नाव आहे, आणि तोंड वरखाली करण्याचे उत्तम बनावटीचे स्क्रू सगळ्यांना आहेत, काही तर अगदी ताज्या फ्रेंच सुधारणेचे. युरोपीय उस्तादाच्या देखरेखीखाली का होईना, आपल्या भट्ट्यांजवळ बसून आपले कारागीर चोख आटे पाडू लागले होते. झाळलेल्या तारेपासून इथवर यायला सव्वाशे वर्षे लागली. आणि त्याच वर्षी, असई आणि लासवारीनंतर, त्या कवायती फौजाच मोडल्या. मराठ्यांच्या तोफखान्याबद्दल आपण लढायांच्या अंगाने भरपूर लिहितो, कारखान्यांच्या अंगाने फारच थोडे. मथुरा आणि उज्जैनच्या ओतशाळांवर मराठीत एक स्वतंत्र ग्रंथ असायला हवा होता.

तिकडे इंग्लंडात बुडाची सुधारणा वेगाने होत होती. हेन्री नॉक याने १७८७ मध्ये बुचातच छोटी कोठी कोरून दारू लवकर आणि एकसारखी पेटवण्याचे पेटंट घेतले. यंत्रकार मॉड्सलेच्या लेथने १८०० च्या सुमारास एकसारखे आटे कापणे यंत्राच्या हाती दिले, व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांची प्रमाणित मापे सुचवली. पण मला याहून मोलाची वाटते ती दुसरी संस्था. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून, माणूस दूर ठेवून नळी उडवायची, टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा. कारागिराच्या शब्दावर विसंबण्याची गरज तिथे संपली. फुटणारे बूड कोणाच्या तोंडावर फुटण्याआधी तपासणीगृहात फुटू लागले.

आपल्याकडे जळत्या तोड्याची जागा आघाताने पेटणाऱ्या टोपीने घेतली. जुन्या तोडेदार नळ्यांना टोपीचा घोडा बसवला गेला आणि राजस्थानात ‘टोपीदार बंदूक’ घरोघर पोचली. १८७८ चा शस्त्र कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांत तो थेट लागू नसल्याने तिथल्या लोहार-शिकलगारांचे काम पुढेही चालू राहिले. काही नळ्यांची बुडे पुढे बदलली, पुन्हा ठोकली गेली. आज हाती येणाऱ्या जुन्या बंदुकीत नेमके कोणत्या हाताचे काम आहे हे सांगता येत नाही ते यामुळे.

आणि ही बंदूक इतिहासजमा झालेली नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत तीच ‘ठासणीची बंदूक’. रानडुकरे आणि माकडे पिके उद्ध्वस्त करतात, आणि शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. परवाना मात्र बाळगण्याचा. बंदूक किंवा तिचा भाग घरी किंवा गावच्या वर्कशॉपमध्ये बनवणे हा वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी घरगुती बुचाच्या विरुद्ध माझे मत ठाम आहे. पाण्याच्या नळाचे आटे पाडणारा कुशल फिटर बंदुकीच्या बुडाशी हरतो, कारण त्याच्या कामात गळती म्हणजे थेंब, इथे गळती म्हणजे डोळा. जुन्या घडीव लोखंडात मळीचे धागे असतात, पिळाचे सांधे असतात, बुडाकडे गंजाने पोखरलेले खड्डे असतात. त्यात नवे आटे पाडले की उरलेसुरले लोखंडही कापले जाते, आणि जिथे भिंत सर्वांत जाड हवी तिथेच ती पातळ होते. मागून वेल्डिंग करून टोक बंद केलेली नळी तर आणखी वाईट. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे लोखंड बदलते आणि आतली भेग बाहेरून दिसत नाही. एक-दोन बार नीट गेले म्हणून बूड पक्के, हा समज सर्वांत घातक आहे. भेग प्रत्येक बाराला थोडी पुढे सरकते.

आज भारतात बनून अमेरिका-कॅनडात जाणाऱ्या जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती बऱ्याचदा रंजकीचे, म्हणजे आतली दारू पेटवायचे, भोक न पाडताच पाठवल्या जातात. शोभेची वस्तू आणि शस्त्र यांतली रेघ ते भोक ठरवते. घरातल्या जुन्या बंदुकीलाही अशीच रेघ हवी. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण शस्त्र दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. दुरुस्त केले की सूट गेली.

अभ्यासाच्या बाजूला अजून बरेच काम बाकी आहे. रॉबर्ट एल्गूड यांनी जयपूर दरबाराच्या शस्त्रांवर २०१५ मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी भारतीय तोफांवर २००८ मध्ये पुस्तक लिहिले आणि घडीव लोखंडी तोफांचे पट्टे, कडी आणि बूड यांच्याकडे धातुशास्त्राच्या नजरेने पाहायला शिकवले. हातबंदुकांच्या बुडांची अशी पद्धतशीर तपासणी व्हायला हवी. जयपूरच्या सिटी पॅलेसच्या सिलेहखान्यात आणि अल्बर्ट हॉलमध्ये, आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या संग्रहांत, नळ्या आहेत. एक्स-रेने नळीला धक्का न लावता कळते की आत आटे आहेत की ठोकलेला खुंटा, आटे कापलेले आहेत की झाळलेले. दोनशे नळ्या अशा तपासल्या आणि त्यांचे साल व ठिकाण जुळवले, तर आटे कापण्याची विद्या कोणत्या वाटेने आणि कोणत्या दशकात आपल्या लोहारांपर्यंत पोचली याचा नकाशा तयार होईल. या कामाला फार पैसा लागत नाही.

तोवर ज्यांच्या माळ्यावर आजोबांची तोडेदार किंवा ठासणीची बंदूक आहे त्यांना कळकळीची विनंती. ती साफ करायला म्हणून बूड उघडू नका, लेथवाल्याकडे नेऊ नका, दसऱ्याला हौसेने बार काढू नका. आत जुना बार भरलेला असू शकतो. पोलीस ठाण्यात नोंद आहे का ते पाहा, नसेल तर करून घ्या, आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा. बुडाचा तो जुना सांधा जसा आहे तसाच त्यांच्या हाती पडू द्या.